स्कॉटिश तलवारीची प्रतिकृती घेताना: आधी मूठ बघा, मग पातं

माझी पहिली स्कॉटिश तलवार दोन किलो शंभर ग्रॅम भरली. घरात एवढी लांब वस्तू तोलायला काटा नव्हता, म्हणून कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडे नेली. त्याने काट्यावर ठेवली, आकडा सांगितला आणि हसत विचारलं, "देताय का?" तेव्हा राग आला होता. आज वाटतं, माणूस पारखी होता.

ती होती पिंजऱ्यासारख्या मुठीची तलवार, ज्यात सगळा हात लोखंडी जाळीच्या आत झाकला जातो तसली. ऑनलाइन फोटोत झळाळत होती. घरी आल्यावर बघतो तर चार बोटं आत जात होती आणि अंगठा बाहेर राहत होता. अठराव्या शतकातली अशी अस्सल तलवार साधारण ११०० ते १५०० ग्रॅम भरते आणि तिच्यात धिप्पाड हायलँडरचा, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या माणसाचा, पंजा सहज मावतो. म्हणजे मी पैसे मोजून तलवारीच्या आकाराचा पहारीचा तुकडा घेतला होता. त्यानंतरच्या काही वर्षांत बऱ्याच तलवारी हाताळल्या, दोन विकत घेतल्या, एकीची मूठ पूर्ण उतरवून पुन्हा बसवली. कोल्हापुरात मर्दानी खेळाच्या आखाड्याजवळ वाढल्यामुळे शस्त्राचं वेड होतंच, पण स्कॉटिश तलवारीने ते वेड जरा शिस्तीत आणलं. हौसेने प्रतिकृती घेऊ बघणाऱ्यांसाठी, नाटकवाल्यांसाठी आणि नुसतं भिंतीवर काहीतरी दणकट हवं असणाऱ्यांसाठीही हे लिहितोय.

आधी शतक ठरवा

"स्कॉटिश तलवार" नावाची एकच वस्तू नाही. विक्रेते मात्र सगळ्यांना एकच नाव लावतात: क्लेमोर. हा शब्द स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतला, मूळ उच्चार साधारण "क्लायव मोर". त्यातला मोर म्हणजे मोठा, पिसारा फुलवणारा नव्हे. मोठी तलवार, एवढाच अर्थ. आज संग्रहालयं हे नाव बहुतेक दोन हातांनी धरायच्या तलवारीला देतात, पण अठराव्या शतकातले लोक पिंजरामुठीच्या एकहाती तलवारीलाही क्लेमोर म्हणत. त्यामुळे जाहिरातीत हे नाव दिसलं की फोटो बघा, नावावर जाऊ नका.

सगळ्यात जुना प्रकार मध्ययुगीन, एकहाती. तो कसा दिसायचा हे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या थडग्यांच्या शिळांवर कोरलेलं आहे. अर्गाइलमधल्या किलमार्टिनला अशा शिळा बघायला मिळतात. मुठीच्या टोकाला पाकळ्या असलेला गोळा, आणि हाताखालची आडपट्टी सरळ नसून पात्याकडे उतरती. पाकळ्यांचा गोळा वायकिंगांच्या तलवारींच्या वळणाचा. याच्या चांगल्या प्रतिकृती कमीच मिळतात, पण मिळाली तर सोडू नका. दिसायला साधी, हातात गोड.

त्यानंतर दोन हातांची क्लेमोर, साधारण १५०० ते १७०० या काळातली. एकूण लांबी १४० सेंटीमीटरच्या आसपास, त्यात पातं सुमारे १०७, आणि वजन अडीच किलोच्या घरात. हिची ओळख आडपट्टीत आहे. तिचे दोन्ही हात पात्याकडे उतरते, आणि प्रत्येक टोकाला चार कड्यांचं फूल, चौपाकळी. मुळात ही चार कडी वेगवेगळी घडवून जोडलेली असत. स्वस्त प्रतिकृतीत ते फूल सगळ्या पट्टीसकट एकाच साच्यात ओतलेलं असतं आणि कड्यांच्या मधली भोकं अर्धवट बुजलेली असतात. फोटो मोठा करून तेवढं एक बघितलं तरी कारागीर कळतो. दक्षिणेच्या सखल भागात, म्हणजे लोलँड्समध्ये, आणखी एक दोनहाती तलवार वापरात होती. तिची आडपट्टी सरळ असते आणि बाजूला कडी असतात. बाजारात दोन्हींची खिचडी करून विकतात.

इथेच एक गैरसमज मोडून टाकतो. पाठीवर म्यान आणि खांद्यावरून सर्रकन उपसलेली क्लेमोर हे सिनेमाचं काम. १०७ सेंटीमीटरचं पातं पाठीवरच्या म्यानातून पूर्ण बाहेर येईल एवढा माणसाचा हात लांब नसतो. घरी झाडूची काठी शर्टाच्या पाठीत खोचून बघा. तेव्हा "पाठीवरच्या म्यानासह" असं लिहून जास्तीचे पैसे मागत असतील तर देऊ नका.

तिसरी आणि माझ्या मते खरी स्कॉटिश म्हणावी अशी ती पिंजरामूठ. ही मूठ सोळाव्या शतकापासून दिसते. सतराव्या शतकात तिच्या पट्ट्या रुंद फितीसारख्या होत्या आणि पुढे चोचीसारख्या एकत्र यायच्या. अठराव्या शतकात ग्लासगो आणि स्टर्लिंगच्या कारागिरांनी तिला कळसाला नेलं. ग्लासगोचा जॉन सिम्पसन आणि स्टर्लिंगचे जॉन व वॉल्टर अॅलन ही त्यातली मोठी नावं. पात्याला दोन धारा असतील तर ब्रॉडस्वोर्ड, एकच असेल तर बॅकस्वोर्ड. वरची मूठ दोन्हींना तीच चालते.

चौथी म्हणजे १८२८ च्या नमुन्याची लष्करी पिंजरामूठ, हायलँड पलटणींच्या अधिकाऱ्यांसाठी ठरवून दिलेली. स्कॉटिश पलटणींचे अधिकारी आजही समारंभाला हीच वापरतात. हिच्या प्रतिकृती सर्वांत सहज मिळतात आणि मापं ठरलेली असल्याने फसवणूकही कमी होते. पहिलीच खरेदी असेल आणि फार चिकित्सा करायची नसेल तर हीच घ्या.

एक प्रकार पक्का करा. मग त्या प्रकारच्या संग्रहालयातल्या एका मूळ तलवारीचा फोटो, लांबी आणि वजन एका कागदावर लिहून घ्या. एडिंबराचं राष्ट्रीय संग्रहालय आणि ग्लासगोचं केल्विनग्रोव्ह इथे भरपूर नमुने आहेत. पुढची सगळी तुलना या कागदाशी करायची, विक्रेत्याच्या वर्णनाशी नाही.

वॉलेसची तलवार

सर्वाधिक खपणारी प्रतिकृती विल्यम वॉलेसच्या, म्हणजे इंग्रजांविरुद्ध लढलेल्या स्कॉटिश वीराच्या, तलवारीची. मूळ तलवार स्टर्लिंगच्या वॉलेस स्मारकात आहे. स्मारक १८६९ मध्ये उघडलं, आणि त्याआधी डंबार्टनच्या किल्ल्यात असलेली तलवार १८८८ मध्ये तिथे आली. एकूण लांबी १६३ सेंटीमीटर, त्यात पातं १३२, वजन २.७ किलो. आख्यायिका अशी की, ११ सप्टेंबर १२९७ ला स्टर्लिंगच्या पुलाच्या लढाईत इंग्रजांचा खजिनदार क्रेसिंगहॅम मारला गेला आणि त्याच्या कातड्यातून वॉलेसने या तलवारीचं म्यान व पट्टा करून घेतला. ऐकायला अंगावर काटा येतो.

पण वॉलेसला फाशी दिलं १३०५ साली, आणि या तलवारीची घडण त्या काळाशी जुळत नाही. मूठ तर उघडच नंतरची, आणि पातंही तुकडे जोडून झालेलं असावं असं जाणकार मानतात. १५०५ मध्ये राजा चौथ्या जेम्सने वॉलेसच्या तलवारीला नवी मूठ, म्यान आणि रेशमी दोऱ्या बसवून घेतल्याचं सांगितलं जातं. ते धरून चाललं तरी आज दिसते ती वस्तू तेराव्या शतकातली ठरत नाही.

मग घेऊ नये का? खुशाल घ्या, वॉलेसवर प्रेम असेल तर घ्याच. फक्त "तेराव्या शतकातली अस्सल रचना" या शब्दांसाठी जास्त पैसे मोजू नका. आणि छत मोजून घ्या. १६३ सेंटीमीटरची वस्तू उचलली की फ्लॅटमधल्या पंख्याचं काही खरं नाही.

मूठ तिथली, पातं परकं

स्कॉटलंडमधल्या बऱ्याच तलवारींची पाती स्कॉटलंडमध्ये बनतच नव्हती. ती यायची जर्मनीतून, मुख्यतः झोलिंगेनमधून. तिथे घडलेलं पातं जहाजाने यायचं आणि ग्लासगो-स्टर्लिंगचा कारागीर त्यावर आपली मूठ चढवायचा. कितीतरी पात्यांवर "आंद्रिया फेरारा" असं कोरलेलं सापडतं, तेही दहा प्रकारच्या स्पेलिंगने. या नावाचा खरा कारागीर सोळाव्या शतकात इटलीतल्या बेलुनोला होऊन गेला. पुढे ते नाव चांगल्या मालाचा शिक्का झालं आणि जर्मन कारखाने ते बिनदिक्कत ठोकू लागले. पसाऊ गावच्या धावत्या लांडग्याच्या खुणेचंही तेच. झोलिंगेनने ती उचलली. मूळ पात्यावरचा हा लांडगा बघितलात तर हसू येईल. छिन्नीचे आठदहा फटके, कुठे पितळ भरलेलं, आणि चार पायांचं काहीतरी पळतंय एवढंच कळतं. प्रतिकृतीवर डोळे, दात आणि झुपकेदार शेपटीचा सुबक लांडगा दिसला तर समजा, संगणकावर काढून लेसरने कोरलाय.

मराठी माणसाला हा प्रकार ओळखीचा वाटला पाहिजे. आपल्याकडची फिरंग हीच. पातं युरोपातून आलेलं, मूठ दख्खनी. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून विकत घेतलेली रघुजी भोसल्यांची तलवार याच घडणीची, युरोपीय पात्याची. म्हणजे झोलिंगेनसारख्या गावांतून निघालेलं पातं एका बाजूला हायलँडरच्या पिंजऱ्यात बसत होतं आणि दुसऱ्या बाजूला मराठ्याच्या मुठीत. पुढे या दोन जगांची समोरासमोर गाठही पडली. २३ सप्टेंबर १८०३ ला असईला, आजच्या जालना जिल्ह्यात, इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेत ७४ वी आणि ७८ वी या दोन हायलँड पलटणी होत्या. शिंद्यांच्या तोफांसमोर ७४ वीची अक्षरशः दाणादाण उडाली. दोन्ही पलटणींना नंतर मानचिन्ह म्हणून हत्ती आणि "असई" हे नाव मिळालं. स्कॉटिश लष्करी वस्तूवर हत्ती दिसला तर तो आपल्या असईचा आहे.

यातून खरेदीचं सूत्र निघतं. स्कॉटिशपणा मुठीत आहे. पातं त्या काळी आयातच होत होतं, तेव्हा तुमची प्रतिकृती कुठल्या देशात घडली याला फार महत्त्व नको. मूठ मात्र नीट हवी. पैसे कमी असतील तर साधं पातं आणि उत्तम मूठ घ्या. नक्षीदार पातं आणि भोंगळ मूठ घेऊ नका.

कायदा, कंटाळा न करता

तलवार हे कायद्याने शस्त्र आहे, मग ती शोभेसाठी का असेना. शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत पाचव्या वर्गात तलवारीचं नावच आहे, आणि ९ इंचांहून लांब पात्याचे चाकूसुद्धा त्याच रांगेत आहेत. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ४ खाली अधिसूचित भागात अशा शस्त्रांना परवाना लागतो. फक्त खेळणं म्हणूनच वापरता येईल आणि ज्याचं खरं शस्त्र बनूच शकत नाही अशी वस्तू कायद्याच्या व्याख्येत येत नाही. पण बोथट पोलादी तलवार या सवलतीत बसते असं गृहीत धरू नका. कानस आणि एक दुपार एवढ्यात तिला धार येते. शिवाय महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली वेळोवेळी मनाई आदेश निघतात, तेव्हा रस्त्यावरून तलवार नेणं हाच गुन्हा ठरतो. नाटकाची तलवार दुचाकीवर आडवी बांधून नेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

म्हणून क्रम असा. आधी आपल्या पोलीस ठाण्यात अर्ज देऊन विचारा, उत्तर लेखी घ्या, मग पैसे भरा. बिलावर "बोथट, शोभेची प्रतिकृती" असं स्पष्ट लिहून घ्या. परदेशातून मागवायची असेल तर शस्त्रांच्या आयातीला वेगळं कलम आहे, आणि कस्टममध्ये अडकलेलं पार्सल सोडवण्याचा ताप तलवारीच्या किमतीहून जड होतो. स्कॉटलंडला फिरायला जाणारे नातेवाईक "येताना घेऊन येऊ का?" विचारतात. माझी भाची एडिंबराला शिकायला होती तेव्हा तिनेही विचारलं. मी म्हटलं, "बाई, तू फक्त संग्रहालयात जा आणि मुठींचे आतल्या बाजूने फोटो काढ." ते फोटो मला कुठल्याही तलवारीपेक्षा जास्त उपयोगी पडले.

आणि आयात करायची गरजही नाही. जगभरातल्या हौशी लोकांकडे ज्या प्रतिकृती जातात त्यातल्या बऱ्याच डेहराडूनच्या असतात. तिथली विंडलास स्टीलक्राफ्ट्स १९४३ पासून या धंद्यात आहे.

आकडे कसे वाचायचे

विक्रेत्याला पाच गोष्टी विचारा: वजन, पात्याची लांबी, तोल कुठे येतो, पोलाद कुठलं, आणि मुठीत पातं कसं बसवलंय. पाचपैकी तीनची उत्तरं "सर, एकदम हेवी क्वालिटी" अशी आली तर फोन ठेवा.

वजनाबद्दल लोकांचा समज उलटा असतो. जड म्हणजे दणकट असं वाटतं. खरी तलवार तिच्या आकाराच्या मानाने आश्चर्य वाटावं इतकी हलकी असते, कारण पातं मुठीपासून टोकाकडे जाताना जाडीलाही उतरत जातं. मुठीजवळ ५-६ मिलिमीटर, टोकाजवळ निम्म्याहून कमी. स्वस्त प्रतिकृती एकाच जाडीच्या पट्टीतून कापलेली असते. मुठीजवळ ५, मध्ये ५, टोकाजवळही ५. माझी भंगारवाल्याकडची तलवार अशीच होती. व्हर्निअर कॅलिपर असेल तर तीन ठिकाणी माप घेऊन पाठवायला सांगा. जो विक्रेता हे माप न कुरकुरता पाठवतो त्याच्याकडे मी डोळे मिटून जातो.

तोल म्हणजे पात्याखाली आडवं बोट धरलं की तलवार जिथे समतोल राहते ती जागा. पिंजरामुठीत ती मुठीच्या पुढे साधारण ८ ते १२ सेंटीमीटरवर हवी. पिंजऱ्याचं वजन मागे असल्यामुळे तोल हाताजवळ येतो आणि तलवार चपळ होते. ती १८ वर गेली असेल तर मनगट दोन मिनिटांत बोलायला लागेल.

पोलादाचं सोपं आहे. स्टेनलेस असेल तर ती भिंतीवरची. इतक्या लांब पात्यात स्टेनलेस ठिसूळ पडतं, ते कशावर आपटू नका. नाटकात किंवा सरावात वापरायची असेल तर कार्बन पोलाद हवं: १०६०, १०७५, ५१६०, किंवा आपल्याकडचं ईएन ४५. हे शेवटचं म्हणजे ट्रकच्या पाट्याच्या जातीचं पोलाद, वाकून परत सरळ होणारं. पण पोलादाचा नंबर अर्धीच गोष्ट सांगतो. त्याला पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून कसं थंड केलंय, यावर सगळं. कडकपणा रॉकवेल या मापावर ४८ ते ५२ च्या दरम्यान असेल तर तलवारीला पुरेसा. चाकूसारखा ६० सांगत असतील तर ते कौतुक नाही, पातं तडकायची सोय आहे.

राहिलं मुठीतलं बसवणं. पात्याची शेपटी मुठीतून आरपार जाऊन शेवटच्या गोळ्याच्या बाहेर यायला हवी. तिथे ती तापवून ठोकून पसरवलेली असेल तर उत्तम. नटाने आवळलेली असेल तरी चालेल, उलट घरी उघडता येते. शेपटीच्या जागी पेन्सिलीएवढी सळई वेल्ड केलेली असेल तर ती तलवार कुणाच्याही दिशेने फिरवू नका. पातं सुटून जातं आणि ते कुठे जाईल हे कुणीच सांगू शकत नाही.

पिंजरा जवळून

पार्सल आल्यावर सगळ्यात आधी उजेडात बसून पिंजरा आतून बघा. बाहेरून सगळेच घासतात. मूळ मुठीत लोखंडी पट्ट्या आणि ढाली, म्हणजे पट्ट्यांमधले चपटे पत्रे, घडवून जोडलेल्या असत, ढालींवर बदाम आणि गोल आकाराची छिद्रं कोरलेली, कडा कानशीने मऊ केलेल्या. छिद्रांच्या आतून करंगळी फिरवा. धातूची कुसं लागली तर अर्ध्या तासाच्या सरावात बोटांची चाळण होईल. वरच्या टोकाला पिंजऱ्याचे हात शेवटच्या गोळ्याच्या खाचेत टेकलेले हवेत. तिथे फट असेल तर पिंजरा हलणार, आणि हलणारा पिंजरा जोडावरून तुटतोच. माझा दुसऱ्याच पावसाळ्यात तुटला होता. आतमध्ये वेल्डिंगचे नुसते चार ठिपके होते, वर क्रोमचा मुलामा.

माप घ्यायची युक्ती: लाटणं घट्ट मुठीत धरा आणि अंगठ्यासकट मुठीची रुंदी नि उंची मोजा. पिंजऱ्याची आतली जागा सगळीकडून निदान सेंटीमीटरभर जास्त हवी, कारण आत अस्तरही येणार. मध्ययुगीन वेशाच्या नाटकात लोखंडी हातमोजे घालून पिंजऱ्यात हात घालायचा प्रयत्न करणारे कलाकार मी पाहिलेत. पिंजरा हाच हातमोजा आहे, दोन्ही एकदम नको.

मग तलवार सैल हातात धरून पात्यावर तळहाताने हलकी थाप मारा. "टण्" असा एकसंध थरार आला तर ठीक. खुळखुळाट आला तर काहीतरी सैल आहे. स्प्रिंग पोलाद असेल तरच टोक लाकडाला टेकवून पातं किंचित वाकवा, सोडा, आणि एक डोळा मिटून धारेवरून नजर टाका. बाक राहिला असेल तर पाणी नीट चढलेलं नाही, परत पाठवा.

अस्तर घरी करा

विकतच्या प्रतिकृतीत अस्तर बहुतेक नसतं, असलं तर रेक्झिनचं. मूळ पिंजऱ्यात हाताकडून मऊ चामडं आणि बाहेरून लाल लोकरी कापड असायचं. छिद्रांतून डोकावणारा तो लाल रंग आला की दोन हजारांची मूठ वीस हजारांची वाटायला लागते. एका रविवारचं काम आहे.

वर्तमानपत्राचा कागद पिंजऱ्याच्या आत दाबून बसवा आणि बाहेरून पट्ट्यांच्या कडा पेन्सिलीने गिरवा. कागद दोनतीनदा फाटेल, फाटू दे. तिसरा नमुना बरोबर येतो. नमुन्यात तीन जागा सोडायच्या: हात आत जायची वाट, खाली मुठीच्या दांड्यासाठी चीर, आणि वर गोळ्याजवळची वाटी. नमुन्याप्रमाणे पातळ मऊ चामडं कापा. लाल कापड मात्र सगळीकडून अर्धा सेंटीमीटर मोठं घ्या, कारण लोकर शिवताना आत ओढली जाते. दोन्ही एकमेकांवर ठेवून कडेने मेणाच्या दोऱ्याने शिवा. हा दोरा चप्पल दुरुस्त करणाऱ्या काकांकडे मिळतो, आणि गोड बोललात तर ते टोच्याही उसना देतात. कडेवर निळी रेशमी फीत चढवली की लष्करी थाट येतो, पण अठराव्या शतकातला हायलँडर करत असाल तर फितीचा फार नखरा नको.

अस्तर चिकटवू नका. इथेच बहुतेक जण चुकतात. चामड्याच्या बारीक वादीने पिंजऱ्याला तीन ठिकाणी बांधा, म्हणजे सोडून काढता येईल. हात घामेजतो, घाम चामड्यात मुरतो, आणि चिकटवलेल्या अस्तरामागे पिंजरा गुपचूप तांबेरत राहतो.

आरशासारखी चकाकीही उतरवून टाका. क्रोमचा मुलामा नसेल तर ४०० नंबरचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून पात्याच्या लांबीने, एकाच दिशेने, मग ८०० चा. गोल गोल घासलंत तर स्टीलच्या ताटासारखं दिसेल. पन्हळीत, म्हणजे पात्याच्या मधल्या खोलगट भागात, पेपर पेन्सिलीला गुंडाळून जा.

पाऊस

स्कॉटलंडही ओलंच आहे, पण आपल्या जुलैची सर त्याला नाही. कोकणात किंवा मुंबईत असाल तर एक नियम पाळा: मेच्या शेवटी तलवार म्यानातून बाहेर काढायची ती दसऱ्याला परत घालायची. चामड्याचं म्यान ओल धरून ठेवतं, आणि कमावलेल्या चामड्यातली रसायनं पोलाद खातात. पातं पुसून कोरडं करा, शिलाई मशीनच्या तेलाचा बारीक हात फिरवा. खोबरेल नको, ते पुढे चिकटतं आणि धूळ धरतं. शोभेचीच असेल तर तेलाऐवजी फर्निचरचं मेण बरं, हाताला लागत नाही. दर पंधरा दिवसांनी एकदा बघा. बोटांचे ठसे उठले असतील तर तिथेच पहिला डाग पडतो, म्हणून पाहुण्यांना दाखवून झाल्यावर पुसल्याशिवाय ठेवू नका. अस्तर काढून वेगळं वाळवा. भिंत ओल येणारी असेल तर तलवार भिंतीला टेकवू नका, दोन लाकडी खुंट्यांवर बोटभर पुढे ठेवा, आणि एवढ्या उंचीवर की लहान मुलांचा हात पोचणार नाही.

जोडीला ढाल हवीशी वाटली तर हायलँडरची टार्ज घरी करण्याजोगी आहे: पन्नासेक सेंटीमीटर व्यासाची गोल लाकडी ढाल, दोन थर एकमेकांच्या आडव्या रेषांत, वर चामडं आणि पितळी खिळ्यांची नक्षी. डाव्या हातात ही आणि उजव्यात पिंजरामूठ घेऊन, बंदुकीची एक फैर झाडून ती टाकून देत धावत सुटायचं, अशी हायलँडरांची चढाई. सप्टेंबर १७४५ ला स्कॉटलंडमधल्या प्रेस्टनपॅन्सला ब्रिटिश सरकारी फौजेविरुद्ध ती काही मिनिटांत जिंकली. १६ एप्रिल १७४६ ला कलोडनच्या दलदलीत त्याच सरकारी फौजेच्या तोफा-बंदुकांनी ती भाजून काढली. त्यानंतर आलेल्या कायद्यांनी हायलँडमधली शस्त्रं काढून घेतली, त्यांचा वेशसुद्धा १७८२ पर्यंत बंद होता. ढाल मात्र पहिल्या वर्षी करू नका. आधी तलवारीचा एक पावसाळा नीट निघू दे.

शेवटचं काम अस्तर बांधायच्या आधीच उरकून घ्या. मूठ उघडत असेल तर पात्याच्या शेपटीवर, उघडत नसेल तर पिंजऱ्याच्या आतल्या बाजूला, बारीक छिन्नीने कोरा: प्रतिकृती, घडवल्याचं साल, पोलादाचा नंबर. सिम्पसनची किंवा अॅलनची खूण हौसेने ठोकू नका. शंभर वर्षांनी तुमच्या पणतूने ती कुणा तज्ज्ञाला दाखवली तर त्याला आत बघून लगेच कळलं पाहिजे. माझ्या तलवारीवर मी साल उलटं कोरून बसलोय, आरशात धरलं की बरोबर दिसतं.